हायब्रिडच्या पोटातली ग्रहमाला

जानेवारीत मेव्हण्याच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो, जालन्यापासून पाऊण तासावर. आगटीभोवती बसून कणसं चोळता चोळता विषय गाड्यांवर आला. हल्ली आमच्या भागात तो येतोच. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरात विजेवरच्या आणि हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार दोन्ही असलेल्या, गाड्यांचा सुमारे २० हजार कोटींचा कारखाना काढायचा म्हणून राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हापासून इकडे जो तो वाहनशास्त्रावर बोलायला लागलाय.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, त्या हायब्रिडला चार्जिंगच करावं लागत नाही म्हणे. चालती तशी आपोआप चार्ज होती. मग पेट्रोल कशाला लागतं?"

लगेच त्याच्या पुतण्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत कुणीतरी विजेच्या स्कूटरच्या मागच्या चाकाला डायनामो बांधला होता. चाक डायनामो फिरवतं, डायनामो बॅटरी भरतो, बॅटरी चाक फिरवते. 'ही गाडी कधीच थांबत नाही,' असं खाली लिहिलेलं.

पुतण्याला मी हसून सोडून दिलं, पण मेव्हण्याचा प्रश्न चांगला होता. त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. आपोआप चार्ज होत असेल तर पेट्रोल कशाला? खरंय, होत असतं तर लागलंच नसतं. 'सेल्फ चार्जिंग' हा जाहिरातीतला शब्द आहे. साध्या हायब्रिडच्या बॅटरीत येणारा प्रत्येक कण शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येतो. काही सरळ येतो आणि काही ब्रेक लावताना परत मिळालेला असतो.

परत मिळतं म्हणजे किती? चार माणसं बसलेली सेडान २००० किलोची धरा. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा होते साधारण ०.१४ युनिट. युनिट म्हणजे आपल्या लाइट बिलावरचंच. गाडी थांबवताना मोटारच जनित्र होते आणि त्यातला काही भाग बॅटरीत ढकलते. जनित्र आणि मोटार हे एकच यंत्र, उलटसुलट चालवलेलं. जायकवाडीला धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा संच आहे, तोही याच जातीचा: पाणी खाली सोडलं की टर्बाइन, वीज दिली की पंप. तर त्या ०.१४ पैकी साठ टक्के हाती लागले असं उदार मनाने धरलं, तरी त्यावर गाडी फार तर ४०० मीटर जाईल. ८० चा वेग गाठायला त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा खर्च झाली होती.

घाटात बरं मिळतं. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट घ्या. उतार २५० मीटरचा धरला तर २००० किलोच्या गाडीची १.३६ युनिट स्थितिज ऊर्जा मोकळी होते. पण साध्या हायब्रिडची बॅटरी असते केवढी? टोयोटाच्या दुसऱ्या पिढीतल्या प्रियस या हायब्रिडची सगळी मिळून १.३ युनिटची, आणि आयुष्य वाढावं म्हणून त्यातला मधलाच थोडा भाग वापरतात. घाट अर्धा उतरायच्या आत ती भरते, उरलेली ऊर्जा तापलेल्या ब्रेकमधून आणि इंजिनातून हवेत जाते.

घाट उतरलात की पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, तसा शिलालेख आहे. याच भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धान्तशिरोमणीत एका चाकाचं वर्णन केलंय: पोकळ आऱ्या, त्यांत अर्ध्यापर्यंत पारा, आणि चाक म्हणे आपोआप फिरत राहतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माणसाला कळायला अजून सातशे वर्षं होती, तेव्हा त्यांना दोष नाही. दोष आहे तो आज हा श्लोक फॉरवर्ड करून 'आपल्याकडे सगळं होतंच' म्हणणाऱ्यांना. ते चाक फिरत नाही, आणि स्कूटरवरचा डायनामोही नाही. लीलावती लिहिणाऱ्या माणसाचा मोठेपणा त्यामुळे एका केसाने कमी होत नाही.

आता प्लग-इन हायब्रिड. हिच्यात बॅटरी मोठी असते आणि भिंतीवरच्या सॉकेटची वीज थेट आत येते, म्हणजे ऊर्जेचं दुसरं खरंखुरं दार उघडतं. आपल्याकडे अशी परवडणारी फॅमिली सेडान रस्त्यावर दिसत नाही. मी वापरली ती न्यू जर्सीत, मुलीकडे असताना: फोर्ड फ्यूजन एनर्जी. बॅटरी ७.६ युनिटची आणि तिच्यावर तिथल्या सरकारी मोजमापाप्रमाणे २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. दूध, भाजी, नातवाची शाळा, ग्रंथालय हे सगळं विजेवर. रात्री घरातल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटला लावायची, सकाळी भरलेली. पेट्रोल इतकं कमी लागायचं की पंपावर जायचं विसरायला व्हायचं. गेलो तर आणखी गंमत. अशा गाडीत पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून राहतं, म्हणून टाकी हवाबंद असते. डॅशबोर्डवरचं बटण दाबून आतला दाब उतरेपर्यंत थांबायचं, मग झाकण उघडतं. पहिल्या वेळी माझ्यामागे रांग लागली होती. बॅटरी मागच्या सीटमागे, त्यामुळे डिकी लहान. हिशेबाचं म्हणाल तर युनिटला दहा रुपये धरले तर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. १०५ रुपये लिटरच्या पेट्रोलवर, लिटरला १८ जाणाऱ्या गाडीला जवळजवळ सहा. पण रोजची धाव ३०-३५ किलोमीटरची असेल तरच. रोज संभाजीनगर ते लातूर करणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, जड बॅटरीचं ओझं तेवढं वाहायचं.

हे सगळं ठीक. मला सांगायचंय ते वेगळंच.

पॉलिटेक्निकमध्ये मी कित्येक वर्षं 'थिअरी ऑफ मशीन्स' शिकवलं. त्यातलं एपिसायक्लिक गिअरचं गणित आलं की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायचा. फळ्यावर तक्ता मांडायचा, कुठलं चाक स्थिर, कुठलं फिरतं, उणे-अधिक चिन्हं, आणि शेवटी पोरं विचारायची, "सर, हे वापरतात कुठं?" मी ट्रॅक्टरच्या मागच्या अॅक्सलमध्ये, असं सांगून सुटायचो. खरं उत्तर डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विकायला आलं. टोयोटाची प्रियस. तिने गिअरबॉक्स जवळजवळ काढूनच टाकला आणि त्या जागी ही एकच रचना बसवली. फ्यूजनमध्येही तत्त्व तेच.

मधोमध एक दातेरी चाक, सूर्य. त्याभोवती फिरणारी लहान चाकं, ग्रह. सगळ्यांना वेढणारं, आतून दाते असलेलं मोठं कडं, वलय. ग्रहांना एकत्र धरणारी चौकट असते, तिला आपण पालखी म्हणू. प्रियसमध्ये सूर्याचे दाते ३०, ग्रहाचे २३, वलयाचे ७८. इंजिन पालखीला जोडलेलं. वलय चाकांना, आणि त्याच्याबरोबर मोठी मोटार. सूर्याला लहान मोटार. तीन टोकं, आणि त्यांना बांधणारा नियम एकच:

पालखीच्या फेऱ्या × १०८ = सूर्याच्या फेऱ्या × ३० + वलयाच्या फेऱ्या × ७८

१०८ आकडा दिसला म्हणून हात जोडू नका. तो ३० अधिक ७८ आहे, बाकी काही नाही. दुसऱ्या कुणी दुसरे दाते पाडले तर दुसरा आकडा येईल. पण कुणीतरी एव्हाना जपमाळ आणि जपान यांचा संबंध जोडलाच असेल. या ग्रहांची शांतही करावी लागत नाही, तेल बदललं की ते शांत असतात.

आता नियम चालवून बघू. गाडी सिग्नलला उभी आहे, म्हणजे वलय स्थिर, शून्य. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांनी सुरू. सूर्याच्या फेऱ्या १०८ × १००० भागिले ३०, म्हणजे ३६००. गाडी जागची हलत नाही आणि सूर्याची मोटार जनित्र होऊन बॅटरी भरते. क्लच नाही, न्यूट्रल नाही.

उलटं करा. इंजिन बंद, पालखी शून्य, मोठी मोटार वलय १५०० ने फिरवते. मग ३० × सूर्य = उणे ७८ × १५००. सूर्य ३९०० फेऱ्यांनी उलटा फिरतो. म्हणजे गाडी शांतपणे विजेवर चाललेली असते तेव्हा आतला सूर्य गाडीपेक्षा किती तरी वेगाने मागे पळत असतो. रिव्हर्स गिअरही नाही. मागे जायचं तर मोठी मोटार उलटी फिरवायची, बस्स.

आणि इंजिन २०००, वलय २००० असेल तर? सूर्यही २०००. सगळी ग्रहमाला एकाच लोखंडी गोळ्यासारखी फिरते, ग्रह आपल्या आसाभोवती फिरायचे थांबतात. हे उत्तर फळ्यावर आलं की मला दरवेळी बरं वाटायचं. का ते सांगता येणार नाही.

वेगाचं असं, पण जोराचं, म्हणजे टॉर्कचं, वेगळं आहे. टॉर्क वेगावर अवलंबून नाही, फक्त दात्यांवर. इंजिनाच्या टॉर्कचा ७८/१०८, म्हणजे ७२ टक्के भाग कायम वलयाकडे जाणार आणि २८ टक्के कायम सूर्याकडे. ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलमध्ये हेच होतं, तिथे वाटणी निम्मी-निम्मी आणि वळताना दोन चाकांचे वेग मोकळे. इथे वाटणी ७२-२८ आणि वेग मोकळे. सूर्याकडे गेलेली शक्ती विजेत बदलून तारेने मोठ्या मोटारीकडे जाते आणि पुन्हा चाकांवर येते. एकाच शक्तीचे दोन रस्ते, एक लोखंडाचा आणि एक तांब्याचा. सूर्याच्या मोटारीला किती ताणायचं हे संगणक ठरवतो, त्यामुळे गाडीचा वेग कितीही असो, इंजिनाला स्वतःला सोयीचा वेग धरता येतो. गिअर बदलल्याचा धक्का लागत नाही तो यामुळे.

यात एक मेख आहे आणि प्लग-इनची खरी अडचण तीच. इंजिन बंद ठेवून वेग वाढवत गेलात तर सूर्य किती उलटा पळणार? पहिल्या पिढीच्या प्रियसमध्ये त्याची मर्यादा मिनिटाला ६५०० फेऱ्या. वलय २५०० च्या पुढे गेलं की ती ओलांडते; रस्त्यावर हा वेग ताशी ६७ किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे बॅटरी कितीही भरलेली असो, पालखी सरळ दिशेने फिरवून सूर्याला आवरण्यासाठी इंजिनाला फिरावंच लागतं. साध्या हायब्रिडला चालून जातं. पण प्लग लावून हायवेवर विजेनेच जायचंय त्याचं काय? सूर्याची मर्यादा वाढवणं हा एक मार्ग. त्याशिवाय पुढच्या प्लग-इन प्रियसमध्ये, प्रियस प्राइममध्ये, टोयोटाने इंजिनाच्या दांड्यावर एकाच दिशेने फिरू देणारा क्लच टाकला, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. पालखी उलटी फिरूच शकत नाही, मग तिला टेकून सूर्याची लहान मोटारही गाडी ढकलायला लागते. दोन्ही मोटारी मिळून गाडी विजेवर ताशी १३५ पर्यंत जाते. एक फ्रीव्हील, तेवढ्यावर.

होंडा सिटीची हायब्रिड २०२२ मध्ये आपल्याकडे आली. तिच्यात ही ग्रहमाला नाही, तिथे इंजिन बराच वेळ नुसतं वीज तयार करतं आणि हायवेवर क्लचने थेट जोडलं जातं. चांगलं यंत्र आहे. पण १०८ नाही.

हे सगळं मी मेव्हण्याला आगटीच्या राखेत काडीने काढून दाखवलं. उलट्या सूर्यापर्यंत तो बरोबर होता, टॉर्कला आल्यावर चटणीची वाटी पुढे सरकवून म्हणाला, "दाजी, खा." थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, घाटाच्या वर राहणाऱ्याने रात्रभर गाडी पूर्ण चार्ज केली आणि सकाळी घाट उतरला तर उताराची वीज जाईल कुठं?

कुठेच नाही. बॅटरीत जागाच नाही. १.३६ युनिटातला परत मिळू शकणारा वाटाही ब्रेकमध्ये जळणार. कन्नडकराने गाडी पूर्ण भरायच्या आधी तासभर प्लग काढावा. एवढा हिशेब त्याने मनातल्या मनात केला होता, मी काहीही न सांगता.

मग तो चार्जिंगला काय लागतं यावर आला. सिंगल फेज, २३० व्होल्ट, १५ अँपिअरचा सॉकेट, अशा गाडीला तीनेक तास, म्हटलं. तो उठून गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं विहिरीच्या मोटारीचं वेळापत्रक बघून आला. या आठवड्यात शेतावर लाइट रात्री साडेबाराला येणार होती.