जन्म ब्रिटनमधला, पण कागद नाहीत? ‘फॉर्म टी’ कुठे अडतो

ब्रिटनमध्ये जन्मलं की मूल ब्रिटिश, हे 1983 पासून बंद झालं. आई-वडिलांपैकी कुणीच नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर मूल तिथेच लहानाचं मोठं होतं आणि शाळेच्या सहलीला पासपोर्ट मागितला की घरात सगळे गप्प होतात. अशांसाठी 1981 च्या नागरिकत्व कायद्यात कलम 1(4) आहे. जन्मापासूनची पहिली दहा वर्षं तिथे काढली असतील तर ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी हा हक्क आहे. आई-वडिलांकडे व्हिसा होता की नव्हता, याचा त्याच्याशी संबंध नाही.

या नोंदणीचा अर्ज म्हणजे ‘फॉर्म टी’. तो ऑनलाइन भरता येतो. जन्मदाखला, ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, बोटांचे ठसे. नागरिकत्वासाठीची ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा नाही.

घोडं अडतं ते पुराव्यावर. तो दहाही वर्षांचा लागतो. शाळेचं पत्र चौथ्या-पाचव्या वर्षापासून पुढचं मिळतं, त्याआधीचं काय? बाळाचं ‘रेड बुक’, म्हणजे आरोग्याच्या नोंदींची वही, शोधा. वजनाचे आलेख, लसींच्या तारखा, नर्सची सही, सगळं त्यात असतं. घरं बदलताना नेमकं तेच हरवतं. मग जीपीकडून (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून) लसीकरणाची नोंद मागवा, नर्सरीचं पत्र घ्या. दार वाजलं की दिवा मालवणाऱ्या घराने दहा वर्षांचे कागद फाइलला लावून ठेवावेत, ही अपेक्षा करणाऱ्यांना काय म्हणावं!

कोणत्याही एका वर्षात देशाबाहेर 90 दिवसांपेक्षा जास्त नको. हे वर्ष वाढदिवस ते वाढदिवस मोजतात, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. दिवस जास्त भरले तरी अर्ज सोडू नका. कारण लेखी द्या, सवलत देण्याचा अधिकार ब्रिटनच्या गृह खात्याला आहे.

आता वय. ‘अठरा उलटली, संधी गेली’ असं समजून कित्येक जण गप्प बसतात. चूक. हा अर्ज पुढे कोणत्याही वयात करता येतो. अठराला संपते ती फीमाफी: परवडत नसेल तर ती फक्त अठराखालच्यांना मिळते, आणि फी हजार पौंड किंवा त्याहून जास्त असते. शिवाय वयाच्या दहा वर्षांपासून पुढे चारित्र्यही तपासतात, पोरवयातली पोलिसांची नोंदसुद्धा. म्हणून दहा पूर्ण झाली की लगेच तयारीला लागा.

‘करून देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला पैसे देऊ नका. सल्लागार म्हणून नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं तिथे गुन्हा आहे. आणि मंजुरीचं प्रमाणपत्र म्हणजे पासपोर्ट नव्हे. त्याचा अर्ज वेगळा, फीही वेगळी.