कादंबरीतली आजी कुठल्या भाषेत बोलणार?

गोव्यात ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारा माणूस कधीतरी घराकडे वळतो. राजांगणातली तुळस, सकाळची पेज, चवथीला गणपतीवर फळापानांची बांधतात ती माटोळी, पेटाऱ्यातले कागद असलं लिहायला लागतो आणि वाचणाऱ्याला वाटतं आता इतिहास संपला, आठवणी सुरू झाल्या. आमच्याकडे हे दोन वेगळे काढताच येत नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने साष्टी-तिसवाडीतून देव अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे हलवले, १६८४ च्या पोर्तुगीज हुकुमाने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला म्हणून सांगितलं, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

खरी घरगुती गोष्ट मला वाटतं १९१० पासून धरावी. पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना मोकळीक मिळाली, आणि देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर मराठी शाळा भरायला लागल्या. पोर तिथे बाराखडी गिरवायचं आणि सरकारी नोकरी हवी असेल तर प्रिमेर ग्राव, म्हणजे पोर्तुगीज प्राथमिक परीक्षा द्यायचं. म्हणजे बोलणं कोकणी, पोथी-पत्र मराठी, दस्त पोर्तुगीज, एकाच घरात.

घोळ इथेच आहे, 'मातृभाषा' या शब्दात. १९६१ ला मुक्ती झाली आणि भाषेचा प्रश्न थेट राजकारणात गेला, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हे ठरलं, वेगळं राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मतं जास्त पडली. मग फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदा, त्यात देवनागरीतली कोकणी ही राजभाषा आणि मराठीचा 'वापर करता येईल' एवढंच. या 'करता येईल'वरून अजून वाद चालू आहे आणि माझ्या मते मराठीच्या पदरात त्या दिवशी कमीच पडलं. कोकणीचा मान मिळाला तो हक्काचाच होता, पण जी भाषा देवघरात होती तिला सवलत दिल्यासारखं दिलं.

त्याचा परिणाम लिहिणाऱ्यावर थेट होतो. निवेदन मराठीत ठीक आहे, पण आजीच्या तोंडी काय घालायचं? कोकणी घातली तर पुण्याचा वाचक अडखळतो, मराठी घातली तर इथला म्हणतो आमची आजी अशी बोलत नव्हती. मला कोकणी संवादच बरे वाटतात, वाचकाने थोडं अडखळावं, काही बिघडत नाही.

बाकी रोजच्या जगण्याच्या खुणा भरपूर आहेत. १९५५ ची भारताने केलेली नाकेबंदी म्हटली की तेव्हा बाजारात आलेले हॉलंडचे बटाटे आठवणारी माणसं आहेत, १९५९ ला रुपी-तांगे हे जुनं चलन जाऊन एस्कुद आले, एका रुपीला सहा, तो हिशेब बायकांनी तोंडपाठ केला. आणि १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून भाट, म्हणजे माडांची बागायत विकायची तर बायकोची संमती लागायची, त्यामुळे जुन्या दस्तांत बायकांची नावं सापडतात, कादंबरीकाराला याहून मोठं घबाड नाही.

आमच्या घरी असा एक दस्त आहे. मजकूर सगळा पोर्तुगीज, खाली आजीची सही देवनागरीत, अक्षर शाळेतल्या कित्त्यासारखं, आणि सही करताना ती जे काय बोलली असेल ते कोकणीत.