मोहिनीमंत्र व वशीकरणमंत्र (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

मोहिनीमंत्र व वशीकरणमंत्र : काल्पनिक पात्रांच्या मनावर, म्हणजे त्यांच्या इच्छेवर, भावनांवर किंवा स्मृतीवर परिणाम करणारे मंत्र. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळात त्यांचा स्वतंत्र वर्ग असून त्याला ‘एन्चांटमेंट’ असे नाव आहे. तलवारीचा घाव किंवा अग्निगोल समोरच्याचे हिट पॉइंट (जीवनशक्तीचा आकडा) कमी करतो. हे मंत्र त्याच्या पुढच्या कृतीचा निर्णयच हिरावून घेतात. भूमिकाखेळात निर्णय घेणे हाच खेळाडूचा खरा अधिकार असल्यामुळे या मंत्रांच्या नियमांत सामर्थ्यापेक्षा मर्यादांचे वर्णन अधिक असते, आणि ते तसेच असायला हवे.

मंत्र लागू होतो की नाही हे सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावासाठी टाकलेला फासा, ठरवतो. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र टाकणाऱ्याचा एक ठरावीक आकडा असतो : आठ, अधिक त्याचा प्रावीण्य बोनस (अनुभवाच्या पातळीनुसार वाढणारा), अधिक त्याच्या मुख्य गुणाचा बोनस. ज्याच्यावर मंत्र टाकला जातो तो वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात बहुधा आपल्या विज्डम (शहाणपण) या गुणाचा बोनस मिळवतो, आणि बेरीज त्या आकड्याइतकी किंवा अधिक झाली तर सुटतो. पहिल्या पातळीच्या आणि 16 इंटेलिजन्स (बुद्धी, हा जादूगाराचा मुख्य गुण) असलेल्या जादूगाराचा आकडा 8 + 2 + 3, म्हणजे 13 होतो. त्याने वेशीवरच्या साध्या पहारेकऱ्यावर ‘चार्म पर्सन’ हा माणसाला मोहित करणारा मंत्र टाकला, तर विज्डमचा काहीच बोनस नसलेल्या त्या पहारेकऱ्याला 13 किंवा त्याहून मोठे दान पडावे लागते; म्हणजे मंत्र साधण्याची शक्यता 60 टक्के असते. मात्र जादूगार किंवा त्याचे साथीदार आधीच त्याच्याशी लढत असतील, तर पहारेकऱ्याला दोन फासे टाकून मोठे दान घेता येते आणि हीच शक्यता 36 टक्क्यांवर येते. तलवारी उपसण्याआधी बोलणे सुरू करावे, हा धडा या खेळात थेट फाशांच्या गणितातूनच मिळतो.

परिणामाच्या दृष्टीने या मंत्रांचे दोन प्रकार आहेत. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांना ‘चार्म’ आणि ‘कम्पल्शन’ अशी वेगळी नावे दिली. पुढे ही उपवर्गांची नावे गेली, तरी फरक टिकून आहे. मोहिनीने समोरच्याची दृष्टी बदलते : तो मंत्र टाकणाऱ्याला ओळखीतला स्नेही मानतो आणि त्याच्यावर हल्ला करू शकत नाही, पण त्याचा गुलाम होत नाही. मोहित पहारेकरी गप्पा मारील, रस्ता सांगील, कदाचित एखादी चूक पोटात घालील. मित्राने मागितली म्हणून तिजोरीची किल्ली देईलच असे नाही. नवखे खेळाडू इथेच गल्लत करतात. वशीकरणात दृष्टी न बदलता कृतीच लादली जाते. ‘कमांड’ एका शब्दाची आज्ञा देतो, ‘होल्ड पर्सन’ माणसाला जागच्या जागी खिळवतो, आणि ‘डॉमिनेट पर्सन’ त्याच्या हालचालींचा पूर्ण ताबा घेतो.

या दोहोंच्या मध्ये ‘सजेशन’ हा सूचना मनात उतरवणारा मंत्र उभा आहे, आणि खेळाच्या टेबलावर सर्वाधिक वाद त्यावरूनच होतात. 2014 च्या नियमानुसार सूचना एकदोन वाक्यांची आणि ऐकायला सयुक्तिक वाटणारी असावी लागते. स्वतःला भोसकून घे, यासारखी उघड आत्मघातकी सूचना केल्यास मंत्र तिथेच संपतो. नियमपुस्तिकेतच उदाहरण आहे की सरदार स्त्रीला आपला लढाऊ घोडा वाटेत भेटणाऱ्या पहिल्या भिकाऱ्याला देण्यास सांगता येते. सयुक्तिक म्हणजे नेमके किती, हे डंजन मास्टरवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर, सोपवलेले होते. 2024 च्या सुधारित नियमांत त्याऐवजी सूचना साध्य होण्याजोगी असावी आणि तिच्यात लक्ष्याला किंवा त्याच्या सोबत्यांना उघड इजा करणारे काही नसावे, असे म्हटले आहे.

या मर्यादा सुरुवातीपासून नव्हत्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या 1974 च्या मूळ खेळात ‘चार्म पर्सन’ हा पहिल्याच पातळीचा मंत्र असूनही त्याला मुदत नव्हती. तो दुसऱ्या मंत्राने उतरवला जाईपर्यंत बळी पूर्णपणे जादूगाराच्या प्रभावाखाली राहत असे. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तिकेत सुटकेच्या संधी बळीच्या बुद्धीनुसार ठरल्या : इंटेलिजन्स तीन किंवा कमी असेल तर पुढची संधी तीन महिन्यांनी, आणि 19 किंवा अधिक असेल तर दररोज. पाचव्या आवृत्तीत मुदत एका तासावर आली. त्याहूनही महत्त्वाची भर म्हणजे मंत्र संपताच बळीला आपल्यावर मोहिनी घातली गेली होती, हे कळते. माझ्या मते ‘चार्म पर्सन’च्या नियमांतील हे सर्वांत दूरगामी वाक्य आहे, कारण त्यामुळे मंत्राची किंमत जादूच्या हिशेबात न राहता कथेत चुकवावी लागते : तासाभराने शुद्धीवर आलेला पहारेकरी गप्प बसेलच असे नाही.

बलाढ्य मंत्रांना आतूनच सुटकेच्या वाटा ठेवलेल्या असतात. ‘डॉमिनेट पर्सन’ पाचव्या पातळीचा असला तरी मूळ स्वरूपात एक मिनिटच टिकतो, जादूगाराची एकाग्रता मोडली की संपतो, आणि बळीला इजा झाली की प्रत्येक वेळी त्याला नवा सेव्हिंग थ्रो मिळतो. ‘होल्ड पर्सन’मध्ये तो प्रत्येक पाळीच्या शेवटी मिळतो. काही जीवांची जातच त्यांचे रक्षण करते : एल्फ या काल्पनिक मानवसदृश जमातीला मोहिनीविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोसाठी दोन फासे मिळतात, तर तिसऱ्या आवृत्तीत प्रेतयोनी, यंत्रपुतळे आणि वनस्पतिजन्य प्राणी यांच्यावर मनोप्रभावी मंत्र चालतच नसत. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतील प्राचीन ड्रॅगनला दिवसातून तीन वेळा हुकलेला सेव्हिंग थ्रो यशस्वी ठरवता येतो; नाहीतर मोहिमेचा कळस एका फाशात उरकला असता.

असा मंत्र खेळाडूच्या पात्रावर पडतो तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. नियमाने डंजन मास्टर त्या पात्राला काय करायचे ते सांगू शकतो, पण तासभर दुसऱ्याच्या हातातले आपले पात्र पाहत बसणे कोणालाही जाचते. म्हणून अनेक अनुभवी डंजन मास्टर वश झालेल्या पात्राचे उद्दिष्ट तेवढे खेळाडूच्या कानात सांगतात आणि ते कसे गाठायचे, कोणत्या साथीदारावर आधी वार करायचा, हे त्याच्यावरच सोपवतात. मनावरील सक्ती आणि स्मृती पुसणे यांसारखे विषय टेबलावर कोणाला नको आहेत, हे मोहीम सुरू होण्यापूर्वीच विचारून घेण्याची पद्धतही आता रुळली आहे.