अवजड वाहन दुरुस्ती-तंत्रज्ञांच्या प्रमाणपत्र परीक्षा : सोलापूर

मालट्रक, टिपर, टँकर, ट्रेलर अशी अवजड वाहने दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे ज्ञान आणि हातकसब तपासून त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षा. या नावाची एकच अशी परीक्षा भारतात नाही. सोलापुरात ज्याला ‘ट्रकचा मिस्त्री’ म्हणतात, तो कागदोपत्री ‘यांत्रिक डिझेल’ असतो, ‘यांत्रिक मोटारगाडी’ असतो किंवा ‘ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टेक्निशियन’ असतो. पुष्कळदा त्याच्याकडे कागदच नसतो, तरी बंद पडलेली गाडी दुरून ओढून त्याच्याचकडे आणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या तिघांचा विचार केला आहे.

पुणे-हैदराबाद महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६५, पूर्वीचा ९) आणि धुळ्याकडून विजापूरकडे जाणारा महामार्ग (५२, पूर्वीचे २११ व १३) सोलापुरात एकमेकांना छेदतात. पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. लांब पल्ल्याच्या गाडीचा मुक्काम त्यामुळे साहजिकच येथे पडतो, आणि जेथे मुक्काम तेथे दुरुस्ती. त्यात साखर कारखान्यांचा ऊस, होटगीकडील सिमेंट, बाजार समितीतला कांदा आणि चादरी-टॉवेलांची वाहतूक यांची भर पडते. गळीत हंगामाच्या आधी, पावसाळ्याच्या अखेरीस, इंजिने खोलण्याचे काम दाटते. गॅरेजात याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. हे ‘ओव्हरहॉलिंग’चेच रूप, तेलाशी त्याचा संबंध नंतर लोकांनी जोडलेला दिसतो.

‘मिस्त्री’ शब्द : हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ (उस्ताद, मुख्य कारागीर) यावरून आला असे बहुतेक कोशकार मानतात. कोकणात ‘मेस्त्री’ हे रूप आजही चालते, आडनाव म्हणूनही रूढ आहे, आणि त्यातला ‘मे’ मूळ उच्चाराशी जवळचा आहे. सोलापूरकडे मात्र ‘मिस्त्री’. हे रूप किनाऱ्यावरून घाट चढून वर आले, की हिंदुस्थानी-दखनीच्या वाटेने, याविषयी दुमत संभवते. सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये पोहोचली आणि पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. दोन्हींच्या कारखान्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे कामगार एकत्र होते. हे पाहता दुसरी वाट अधिक संभाव्य वाटते. मोटारी येण्यापूर्वीपासून हा शब्द सुतार, गवंडी आणि यंत्रकाम करणारा या तिघांनाही लागत होता. शिकाऊ मुलगा मालकाला ‘मिस्त्री’ म्हणतो किंवा ‘उस्ताद’. ‘तंत्रज्ञ’ हा शब्द फक्त प्रमाणपत्रावर भेटतो.

परीक्षापद्धतीचा आरंभ : येथे अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४० च्या सुमारास सैन्यासाठी व युद्धसाहित्याच्या कारखान्यांसाठी कारागीर घडवणारी युद्ध-तंत्रज्ञ प्रशिक्षण योजना सुरू झाली, आणि १९४३ मध्ये लष्करात विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांचे स्वतंत्र दल उभे राहिले. गाडी दुरुस्त करणाऱ्याची ठरावीक कसोटी घेऊन त्याला श्रेणी देण्याची पद्धत या लष्करी वळणाची आहे, असे या मताचे पुरस्कर्ते म्हणतात. दुसरे मत १९४५ कडे बोट दाखवते. त्या वर्षी सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. आजच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे ते पूर्वरूप होय. तिसरे आणि शासकीय प्रकाशनांत सर्वाधिक आढळणारे मत १९५० चे, म्हणजे शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेचे.

हे तिन्ही आरंभ प्रशिक्षणाचे आहेत. परीक्षेचा विचार स्वतंत्रपणे केला, तर १९५६ हे वर्ष अधिक महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषद त्या वर्षी स्थापन झाली, आणि एकाच मापाने देशभर मोजून एकच प्रमाणपत्र द्यायचे ही कल्पना तिच्यामुळे रुजली. शिवा राव समितीच्या शिफारशीनुसार संस्थांचा दैनंदिन कारभार १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्यांकडे आला. राज्यपुनर्रचनेचा दिवसही तोच. म्हणजे सोलापूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले त्याच दिवशी प्रशिक्षणसंस्थांचा कारभार राज्याच्या हाती आला. प्रमाणपत्र मात्र राष्ट्रीयच राहिले. ही विभागणी आजतागायत टिकून आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यातील व कार्यशाळेतील उमेदवारीला वेगळी परीक्षा व वेगळे प्रमाणपत्र दिले. एसटी महामंडळाच्या विभागीय कार्यशाळेत उमेदवारी केलेले अनेक जण पुढे ट्रककामात उतरतात. बसची आणि ट्रकची चौकट, एअरब्रेक, कमानपाटे यांत फारसा फरक नाही.

आजचे स्वरूप : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत (बोलीत ‘आयटीआय’) ‘यांत्रिक डिझेल’ हा एक वर्षाचा आणि ‘यांत्रिक मोटारगाडी’ हा दोन वर्षांचा व्यवसाय आहे. पहिल्यात इंजिनावर भर, दुसऱ्यात गिअरबॉक्स, हौजिंग (मागच्या आसाचा गिअर असलेला भाग), स्टिअरिंग, ब्रेक यांना पुरेशी जागा. ट्रकचा पूर्ण मिस्त्री व्हायला दोन्ही लागतात. अभ्यासक्रमाने मात्र ट्रक असा अर्धा अर्धा वाटून घेतला आहे. अखेरीस अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते. २०१३ मध्ये ती सहामाही झाली, २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक. लेखी भाग अलीकडे संगणकावर असतो. उत्तीर्ण होण्यास प्रात्यक्षिकात ६० टक्के, लेखी विषयांत ३३ टक्के गुण लागतात. पुस्तकापेक्षा हाताला जवळजवळ दुप्पट अपेक्षा ठेवणारी ही अट परीक्षेबद्दल बरेच काही सांगून जाते.

प्रात्यक्षिकात ‘जॉब’ मिळतो आणि सोबत तोंडी प्रश्न. त्यातला एक जुना प्रश्न येथे द्यावा असा आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-५-३-६-२-४. परीक्षक विचारतो, “पाच नंबरचे टॅपेट लावायचेत, कुठल्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह हलताना बघशील?” टॅपेट लावणे म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधली फट साधणे. पाठ करून आलेला मुलगा क्रम म्हणत राहतो. गॅरेजात राबलेला मुलगा क्रम दोन ओळींत लिहितो : वर १-५-३, खाली ६-२-४. पाचाखाली दोन. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना आणि इनलेट उघडू लागला असताना पाच नंबरचा पिस्टन दाबाच्या फेरीत वर आलेला असतो, त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि रॉकर मोकळे. मग त्या फटीत फिलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या मापाची, पत्ती घालायची. ती हलकी ओढ देत सरकली पाहिजे; खुळखुळली तर सैल, अडकली तर घट्ट. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि साधलेले अंतर बिघडते, म्हणून आवळून झाल्यावर पत्ती पुन्हा घालून पाहणाऱ्याला शिल्प निदेशक (आयटीआयचे शिक्षक) मनातल्या मनात पास करून टाकतात.

दुसरी वाट वाहन उद्योगाच्या संघटनांनी शासनाच्या साहाय्याने २०११ मध्ये स्थापलेल्या ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलची. तिच्या परीक्षा २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील स्तरांना जोडलेल्या आहेत. शाळा अर्धवट सोडून गॅरेजात वाढलेल्या कारागिरासाठी ‘पूर्वकौशल्य मान्यता’ हा तिचा भाग महत्त्वाचा : वर्ग न करता, असलेल्या कसबाचे मूल्यमापन करून प्रमाणपत्र. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत याला स्थान आहे. २०१८ मध्ये अधिसूचित झालेली राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आता दोन्ही वाटांवर देखरेख करते. वाहननिर्मात्यांच्या अंतर्गत परीक्षा वेगळ्या. त्यांचे मोल त्या त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपुरते.

इतर देशांत : अमेरिकेत १९७२ मध्ये स्थापन झालेली नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑटोमोटिव्ह सर्व्हिस एक्सलन्स ही संस्था अवजड ट्रकसाठी ‘टी’ मालिकेतील परीक्षा घेते : डिझेल इंजिन, ड्राइव्ह ट्रेन, ब्रेक, सस्पेन्शन व स्टिअरिंग, विद्युत, वातानुकूलन, प्रतिबंधक तपासणी असे एकेक विषय सुटे. परीक्षा ऐच्छिक, अनुभवाची अट, आणि दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा. तिची एक प्रश्नरचना प्रसिद्ध आहे. समजा, ब्रेक मारला की ट्रक डावीकडे ओढतो. तंत्रज्ञ ‘अ’ म्हणतो, उजव्या चाकाचा, ब्रेकची ढिलाई काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर सैल असेल. तंत्रज्ञ ‘ब’ म्हणतो, उजव्या लायनरला ग्रीस लागले असेल. बरोबर कोण : फक्त ‘अ’, फक्त ‘ब’, दोघेही, की कोणीच नाही? (येथे दोघेही.) सोलापूरच्या कोणत्याही गॅरेजात हा प्रश्न चहाच्या वेळी चालूच असतो, फरक इतकाच की तेथे तिसरा पर्याय कोणी निवडत नाही. कॅनडात ‘रेड सील’ या देशव्यापी परीक्षेत ७० टक्के गुण लागतात. जर्मनीत साडेतीन वर्षांची उमेदवारी असते, व्यावसायिक वाहनांची शाखा त्यात वेगळी असते, आणि पुढे उस्तादपदाची ‘माइस्टर’ परीक्षा.

कायद्यातील स्थान : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मिस्त्रीसाठी परवान्याची तरतूद नाही. इमारतीत वायर ओढणाऱ्या वायरमनला परवाना लागतो, ट्रकचे वायरिंग करणाऱ्या वायरमनला लागत नाही. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते; आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. ते देणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाला अभियांत्रिकी पदविका व कार्यशाळेतला अनुभव आवश्यक आहे. तपासणाऱ्याला पात्रता आहे, दुरुस्त करणाऱ्याला नाही, ही विसंगती नोंदण्याजोगी आहे. त्यामुळे प्रमाणपत्र उपयोगी पडते ते सर्व्हिस सेंटर, एसटी, रेल्वे किंवा आखाती देशांतील नोकरीच्या दारात. महामार्गालगतच्या गॅरेजात ते कोणी विचारत नाही. तेथे मुलगा हेल्पर म्हणून येतो, पाने ओळखायला शिकतो, चाक उतरवतो, हब ग्रीस करतो, आणि मिस्त्रीने पहिल्यांदा डिझेल पंपाला हात लावू दिला की त्याची परीक्षा झाली असे समजतात. खंडेनवमीला पाने-जॅक धुऊन पूजेला मांडतात, तो मानही थोरल्या हेल्परचा.

नव्या गाड्यांमुळे अभ्यासक्रमावर ताण आला आहे. जुना मिस्त्री धूर पाहून निदान करी : काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते किंवा पाणी आत शिरते. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ गाड्यांत धूर वाचायला उरत नाही. धूर शुद्ध करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या युरिया-द्रावणाची प्रत बिघडली की गाडीचे नियंत्रकच इंजिनाची ताकद कमी करते, आणि कारण स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू वाहनांना वातानुकूलित केबिन सक्तीचे झाल्याने, अमेरिकेत ‘टी-७’ या क्रमांकाने घेतला जाणारा विषय आता सोलापूरच्या ट्रक मिस्त्रीच्याही कामात आला आहे.