प्लेटलेट गिळणारी गाठ

कळव्याला राहणाऱ्या माझ्या भाचीचं बाळ दीड महिन्याचं असताना त्याच्या मांडीवर जांभळट डाग उमटला. पणजीने निकाल दिला, "ग्रहणात काहीतरी चिरलं असणार." जवळच्या डॉक्टरांनी सांगितलं, "शाळेत जाईपर्यंत विरेल." आठवडाभरात मांडी टणक आणि तकतकीत झाली, लंगोट बांधताना बाळ किंचाळू लागलं.

डॉक्टरांचं अगदीच चुकलं नव्हतं. शंभरातल्या चार-पाच बाळांना होणारा साधा हेमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, काही महिने वाढतो आणि मग आपला आपण ओसरत जातो. ही गाठ त्यातली नव्हती. हिचं नाव कापोसिफॉर्म हेमँजिओएन्डोथेलिओमा. भाची नुसतं 'केएचई' म्हणते, आपणही तेच म्हणू. ती कर्करोगासारखी दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण जिथे असते तिथे त्वचा, चरबी, स्नायू यांत घुसत जाते. म्हणून ती काढून टाकणं बरेचदा जमत नाही.

नौपाड्यातल्या लॅबचा रिपोर्ट आला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, फक्त १८ हजार. एरवी दीड ते साडेचार लाख असतात. गाठीतल्या वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांत प्लेटलेट अडकतात, तिथेच गुठळ्या होतात, आणि रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही त्यात खर्ची पडतं. हेग कासाबाख आणि कॅथरिन मेरिट या अमेरिकन डॉक्टरांनी हा प्रकार १९४० मध्ये नोंदवला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

जावई प्लेटलेटची पिशवी आणायला रक्तपेढीकडे निघालाही होता. ठाण्यातल्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी थांबवलं. रक्तस्राव होत असेल किंवा ऑपरेशन असेल तरच प्लेटलेट द्यायच्या. नाहीतर त्याही गाठीतच अडकतात, आणि गाठ आणखी सुजते. आकडा इतका खाली असताना हात बांधून बसायचं, हे आईबापाला पटवणं सोपं नसणार.

पूर्वी स्टिरॉइड आणि व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधावर भिस्त असे. आता बरेचदा सिरोलिमस देतात. याचा उगम रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरून १९६४-६५ मध्ये आणलेल्या मातीत. त्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये हे रसायन वेगळं केलं. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा सेहगल यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपला. आधी ते मूत्रपिंड प्रत्यारोपणात वापरात आलं. पेशींना 'वाढा' म्हणणारं एमटॉर नावाचं प्रथिन ते रोखतं, आणि गाठीची वाढही मंदावते.

बाळाला सिरोलिमस सुरू केल्यावर बाराव्या दिवशी प्लेटलेट १ लाख १० हजार झाल्या. गाठ पूर्ण जात नाही, मांडीवर फिकट डाग अजून आहे. औषधाने प्रतिकारशक्ती दबते, म्हणून जंतुसंसर्ग टाळायला दुसरं औषध चालू आहे, आणि जिवंत विषाणूंच्या लसी पुढे ढकलल्यात. रक्तातली पातळी मोजायची असेल त्या दिवशी आधी रक्त आणि मग डोस, हा क्रम भाचीने फ्रीजवर चिकटवलाय. सिरपचा अर्धा भाग बाळ थुंकून टाकतं, तेव्हा परत द्यायचा की नाही, यासाठी तिचा फोन मला येतो. मी तिला डॉक्टरांचा नंबर देतो.