एमपीझेड जनुक

मेंदू आणि मेरुरज्जूबाहेरील चेतातंतूंवर मायलिन या मेदयुक्त पदार्थाचे आवरण घट्ट बसवणाऱ्या पी-झीरो या प्रथिनाचे जनुक. मानवात ते १ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. त्यातील उत्परिवर्तनांमुळे शार्को-मरी-टूथ या आनुवंशिक चेताविकाराचा १बी हा प्रकार होतो. हा संबंध १९९३ मध्ये उघड झाला.

मायलिन तयार करणारी श्वान (Schwann) पेशी आपले पटल चेताक्षाभोवती, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूभोवती, वेढ्यावर वेढे घालून गुंडाळते. हे वेढे सुटू न देण्याचे काम मुख्यतः पी-झीरोचे. परिघीय मायलिनमधील निम्म्याहून अधिक प्रथिन हेच असते. त्याचा पेशीबाहेरचा भाग इम्युनोग्लोब्युलिनसारख्या घडीचा असतो आणि समोरच्या वेढ्यातील पी-झीरोलाच चिकटतो. पेशीच्या आत राहणारी आखूड शेपूटही थर जवळ आणण्यास मदत करते. वेढे सैल राहिले की संदेशाचा वेग घटतो : हाताच्या चेतांमध्ये तो एरवी सेकंदाला सुमारे ५० मीटर किंवा अधिक असतो, १बी प्रकारात बहुधा ३८ मीटरच्या खाली जातो.

हा विकार प्रभावी पद्धतीने उतरतो, म्हणजे जनुकाची एक सदोष प्रत पुरते. काही रुग्णांत मात्र उत्परिवर्तन नव्यानेच घडलेले असते, आईवडील निरोगी असतात. चवडा उचलता न येणे, उंच कमानीचे पाऊल, वाकलेली बोटे, पुढे हातांचा अशक्तपणा अशी लक्षणे दिसतात. तीव्रतेत मात्र कमालीची तफावत असते. काही मुले उशिरा चालू लागतात. काहींना चाळिशीपर्यंत पत्ताच नसतो. प्रथिनाच्या साखळीत १२४व्या स्थानी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन आल्यास विकार उशिरा सुरू होतो, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला नीट प्रतिसाद देत नाहीत आणि ऐकूही कमी येऊ शकते. तेथे मायलिनपेक्षा चेताक्षाचीच हानी ठळक असते.

ही तफावत केवळ प्रथिन कमी पडल्याने समजत नाही. निम्मे प्रथिन उरले तर त्रास बहुधा सौम्य राहतो, घडी बिघडलेले प्रथिन अधिक जाच करते. ६३व्या स्थानचे सेरिन हे अमिनो आम्ल गळाले की पी-झीरो आंतर्द्रव्य जालिकेतच (पेशीत प्रथिनांची घडी घातली जाते त्या भागातच) अडकते आणि श्वान पेशी सतत ताणाखाली राहते. असे उत्परिवर्तन असलेल्या उंदरांतून ताणाला प्रतिसाद देणारे चॉप हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्यांची हालचाल सुधारली.

मूळ दोष दूर करणारा उपचार रुग्णांसाठी अद्याप नाही. भौतिकोपचार, घोट्याचे आधार आणि गरजेनुसार पावलाची शस्त्रक्रिया यांवर भर असतो. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध या रुग्णांना देणे टाळतात, कारण त्याने चेतांचा ऱ्हास झपाट्याने वाढू शकतो.