साडेसोळा की एकवीस? आयरिश मॉडेल रेल्वेतला स्केल आणि गेजचा घोळ

‘तुमचं मॉडेल कुठल्या स्केलचं?’ असं विचारावं आणि ‘साडेसोळा मिलिमीटर’ असं उत्तर यावं, हे इतक्यांदा झालंय की आता लिहूनच टाकतो. साडेसोळा मिलिमीटर हे स्केल नाही, ते गेज आहे. जर्मन गाड्यांच्या मॉडेलात ही गल्लत केली तरी फारसं बिघडत नाही. आयर्लंडच्या गाड्यांत मात्र ती पहिल्या रुळापासून नडते.

गेज आपल्याला काय सांगायचं! रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, माथेरानची गाडी ६१० मिमी. ब्रिटनचं १४३५ मिमी आणि आयर्लंडचं १६०० मिमी, म्हणजे ५ फूट ३ इंच. तिथली १८३४ ची डब्लिन-किंग्सटाऊन लाइन ब्रिटिश मापाची होती, १८३९ ची अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचांची. १८४६ च्या कायद्याने ५ फूट ३ इंच पक्कं केलं आणि पहिल्या लाइनला पुढे १८५७ मध्ये आपले रूळ रुंद करावे लागले.

स्केल ही वेगळीच गोष्ट. खरी वस्तू किती पटींनी लहान केली, ते स्केल. ‘ओओ’ या ब्रिटिश मॉडेलांच्या मापात खऱ्या एका फुटाला ४ मिमी, म्हणजे साधारण १:७६. इंजिनाची चिमणी, डब्याची खिडकी, फलाटावरचा हमाल, सगळं याच हिशेबाने लहान होतं. मग रुळांमधलं अंतरही याच हिशेबाने लहान व्हायला हवं. ते होत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे.

याला कारण आहे. ‘एचओ’ हे जर्मन मॉडेलांचं माप म्हणजे फुटाला साडेतीन मिमी, आणि त्या मापात १४३५ मिमीचे साडेसोळा होतात. ते बरोबर जुळतं. पण ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान. मॉडेल चालवणाऱ्या तेव्हाच्या विजेच्या मोटर त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून इंजिनाचं अंग फुटाला ४ मिमीच्या मापाने वाढवलं आणि रूळ होते तसेच साडेसोळाचे ठेवले. ओओमध्ये वरची गाडी एका मापाची आणि खालचा रूळ दुसऱ्या मापाचा आहे, तो असा. रुळांच्या पाकिटावर ‘एचओ/ओओ’ असं एका दमात छापलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. नवशिक्याला ती दोन्ही एकच वाटणार नाहीत तर काय?

आता आकडे मांडू. ४ मिमीच्या हिशेबाने साडेसोळा मिमी म्हणजे खऱ्या रुळावर ४ फूट दीड इंच. ब्रिटिश गाडीला हे ७ इंच कमी पडतं, डोळा ते चालवून घेतो. आयरिश गाडीला मात्र तब्बल साडेतेरा इंच कमी पडतं! सव्वापाच फूट गुणिले चार, बरोबर २१ मिमी. आयरिश मॉडेलचं खरं गेज हे. अपूर्णांकसुद्धा नाही, इतकं सरळ आहे.

बाजूने पाहिलं तर काही कळत नाही. गाडी समोरून पाहा. ग्रेट नॉर्दर्न या आयरिश रेल्वे कंपनीचं निळं ‘स्लीव्ह गलियन’ घ्या. १९१३ च्या या वाफेच्या इंजिनाची चाकं रुंद अंतरावर असल्यामुळे ते रुळावर ठाण मांडून उभं दिसतं. तेच साडेसोळावर आणा, पाय जवळ घेऊन अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. रंग, पितळी कडा, नावाची पाटी सगळं अचूक, आणि उभं राहणंच चुकलेलं. मला ते बघवत नाही.

मग २१ मिमी करावं का? माझं मत, हो, पण कुठून सुरुवात करायची ते पाहा. डिझेल सोपं. मर्फी मॉडेल्स या कंपनीची ०७१ किंवा २०१ ही आयरिश डिझेलची साडेसोळावर चालणारी तयार मॉडेलं. इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात, म्हणजे बोगीत, जागा असेल तर लांब धुऱ्याची चाकं बसवता येतात. वाफेच्या इंजिनात फ्रेम, सिलिंडर, चाकांवरची झाकणं, सगळंच बाहेर सरकवावं लागतं. रूळ तर स्वतःच बनवायचे: तांब्याचा मुलामा असलेल्या पट्ट्यांचे स्लीपर कापायचे, त्यांवर रूळ सोल्डर करायचे आणि दर दोन बोटांवर गेज लावून तपासायचं. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यांना वेळ लागतो. तरीही घरभर फिरणाऱ्या साडेसोळाच्या लाइनपेक्षा एकवीसचं एकच छोटं स्टेशन मी कधीही पसंत करीन. तयार ओओ घेऊन खेळायचं असेल तर तेही खुशाल घ्या. फक्त त्याला ‘अचूक आयरिश ब्रॉडगेज’ म्हणू नका.

‘नॅरोगेज म्हणजे लहान मॉडेल’ हा गैरसमज एका वाक्यात संपतो: स्केल तेच, फक्त रूळ जवळ.

आयर्लंडचं नॅरोगेज बहुतेक ३ फुटांचं, म्हणजे ४ मिमीच्या हिशेबात १२ मिमी, आणि ‘टीटी’ या आणखी लहान मॉडेल-मापाची १२ मिमीची चाकं त्यावर सरळ चालतात. काउंटी डोनेगल या नॅरोगेज रेल्वेच्या गाड्या १९५९ अखेर बंद पडल्या. त्यांच्या स्ट्राबेन स्टेशनात एकीकडे ग्रेट नॉर्दर्नचं ५ फूट ३ आणि दुसरीकडे डोनेगलचं ३ फूट; माल एका गाडीतून काढून दुसरीत भरायचा. हे स्टेशन करायला घेतलंत तर १२ च्या शेजारी साडेसोळा टाकून बघा. मोठी लाइन इतकी आक्रसते की छोट्या लाइनचं छोटेपण उरतच नाही. शेजारी २१ टाका, आणि तो माल का उतरवावा लागायचा ते लांबूनही दिसतं.